नारळीकरांची एकच कथा मुलांना वाचून दाखवायची तर कुठली?

मलप्रभाकाठ | २४ मे २०२५, रात्री ९:४०

मंगळवारी, २० तारखेला, पुण्यात डॉ. जयंत नारळीकर गेले. पहाटे, झोपेतच. वय ८६. श्रद्धांजलीचे लेख आपण सगळेच वाचतोय, त्यात भर घालायला हा धागा नाही. माझं एक काम अडलंय.

मी खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या वाटेवरच्या एका गावात मराठी शाळेवर शिक्षक आहे. गावात छोटं वाचनालय आहे. दोन कपाटं, एक बाक, आणि कॅरमवरून होणारी भांडणं. आपल्याकडे शाळा येत्या आठवड्यात उघडतायत. त्यानंतरच्या एखाद्या शनिवारी नारळीकरांसाठी काहीतरी करायचं ठरलंय. भाषणं नकोत असं मीच सांगितलं, कारण भाषण ठेवलं की पाहुणे आले, पाहुणे आले की सत्कार आला, आणि मुलांनी नुसत्या टाळ्या वाजवायच्या. फोटोला हार आणि एक कथा मोठ्यानं वाचायची, बस्स. मुलं सातवी-आठवीची. वेळ तासाभराचा.

कथा कुठली? माझं मत ‘धूमकेतू’. वाचनालयाचे सेक्रेटरी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’वर अडून बसलेत. तुम्ही त्यांची पहिली कथा कुठली वाचलीत, आणि ती आज तेरा वर्षांच्या पोराला वाचून दाखवाल का, एवढं सांगा. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकायला दुसरा धागा आहे.

येळ्ळूरचा_गडी | रात्री ९:५२

पानिपत. विषय संपला. लावा कुलूप धाग्याला.

टिळकवाडी_जुनी | रात्री १०:३०

मी पहिली वाचली ती ‘यक्षांची देणगी’तली. सार्वजनिक वाचनालयाची प्रत होती, खाकी कागदाचं कव्हर आणि मागे तारखांचे शिक्के मारलेली पट्टी. कॉलेजात होते. कथांपेक्षा समासच जास्त लक्षात राहिलेत. एका पानाच्या कडेला कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘हे कसे शक्य?’ त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात छोटं गणित मांडलेलं, आणि त्याखाली तिसऱ्यानं निळ्या शाईनं ‘शून्य चुकले’ म्हणून खूण केलेली. पुस्तकं खराब करणाऱ्यांचा मला फार राग येतो, पण त्या पानावर मी बराच वेळ रेंगाळले. दुसऱ्या कुठल्या मराठी कथाकाराच्या पुस्तकात वाचकांनी गणितं सोडवलेली मी पाहिली नाहीत.

‘धूमकेतू’ला माझं मत.

शहापूरचा_शंकेखोर | रात्री ११:०५

सगळे हळवे झालेत तोवर मी कडू बोलून घेतो. शास्त्रज्ञ म्हणून नारळीकर आभाळाएवढे, वाद नाही. कथाकार म्हणून? त्यांची माणसं कागदी आहेत. एक प्राध्यापक, एक पत्रकार, एक सरकारी सचिव. प्राध्यापक सांगतो, पत्रकार विचारतो, सचिव घाबरतो. बायका चहा आणतात. सुबोध जावडेकरांच्या कथेतला माणूस रात्री आठवतो, लक्ष्मण लोंढ्यांचाही आठवतो. नारळीकरांच्या कथेतली कल्पना आठवते, माणसाचं नाव आठवत नाही. मोठ्यानं वाचायची कथा माणसावर उभी असते, कल्पनेवर नाही. मुलं जांभया देतील.

प्रयोगशाळेतली_पाल | रात्री ११:३१

@शंकेखोर, म्हणजे तुम्हाला गंगाधरपंतांचं नाव आठवत नाही? धाग्याच्या सुरुवातीलाच आलंय.

शहापूरचा_शंकेखोर | रात्री ११:३४

शीर्षकात असलं की आठवणारच की.

अनगोळची_अनघा | २५ मे, सकाळी ७:१५

शंकेखोरकाकांचं अर्धं म्हणणं मला पटतं. पण ते लिहायला लागले कसे, ते आधी बघा. १९७४ साल. कुठल्याशा परिषदेत कंटाळवाणं भाषण चालू होतं, ते ऐकता ऐकता त्यांनी गोष्ट लिहायला घेतली. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला ती पाठवली, पण स्वतःच्या नावानं नाही. ज. वि. ना. ही अक्षरं उलटी केली, ना. वि. ज., म्हणून नारायण विनायक जगताप. अक्षर कुणी ओळखेल म्हणून पत्नी मंगलाताईंकडून कथा लिहून घेतली. ‘कृष्णविवर’ तिचं नाव, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं.

तेव्हा नारळीकर कोण होते? केंब्रिजचे रँग्लर (म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेले), ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचे विद्यार्थी, १९६५ सालीच पद्मभूषण. नुसतं नाव सांगितलं असतं तरी कुठल्याही दिवाळी अंकानं दारात येऊन कथा नेली असती. तरी हा माणूस स्पर्धेच्या रांगेत खोटं नाव लावून उभा राहिला. मला तरी त्यांच्या कुठल्याही पात्रापेक्षा हा जगताप जास्त आवडतो.

निपाणी_नाका | सकाळी ८:०२

आमच्या ऑफिसातल्या काही साहेबलोकांनी नाव झाकून काम करून बघावं एकदा. पगारही जगतापलाच मिळेल.

वडगाव_हातमाग | सकाळी ८:४०

पानिपतच घ्या गुरुजी. सीमाभागातल्या पोरांना जरा बरं वाटू दे की. विश्वासरावाला गोळी चाटून जाते, मराठे जिंकतात, पुढचा सगळा इतिहासच फिरतो. ऐकताना अंगावर काटा येतो बघा.

येळ्ळूरचा_गडी | सकाळी ८:४४

हेच म्हणायलोय मी कालपासून. आणि कथेतल्यासारखं दुसरं विश्व असलंच, तर त्या विश्वात १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आपलं बेळगाव कुठं गेलं असेल, तेबी कळू दे एकदा.

निपाणी_नाका | सकाळी ८:५०

त्या विश्वातही एकीकरण समिती असणार, आणि त्या समितीतही दोन गट.

चिक्कोडीकर | सकाळी ८:५३

त्या विश्वात कानडी लोक कोल्हापूरवर हक्क सांगत असतील आणि हाच धागा कन्नडमध्ये चालला असेल.

येळ्ळूरचा_गडी | सकाळी ८:५५

काय बोलायलास गा सकाळी सकाळी.

संपादक मंडळ | सकाळी ९:३०

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, आठशेच्या वर प्रतिसाद झालेत, तिकडे अजून जागा आहे. इथे नारळीकर. चार प्रतिसाद उडवले आहेत. ‘माझाच का उडवला’ असा निरोप पाठवू नये.

अनगोळची_अनघा | सकाळी १०:१०

पानिपताबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. मी सीबीएसईची. अकरावीला इंग्रजीच्या ‘हॉर्नबिल’मध्ये ही कथा धडा म्हणून होती, ‘द अ‍ॅडव्हेंचर’ नावानं. आजोबांकडे मूळ मराठी होती, म्हणून दोन्ही वाचल्या. वर्गात आम्ही अर्धे मराठी, अर्धे कन्नड, दोन-चार कोकणी. मराठ्यांनी पानिपत जिंकलं म्हटल्यावर आमच्या बाकावरून शिट्टी आली. माझी कन्नड मैत्रीण शांतपणे म्हणाली, बरं, जिंकलं, मग पुढं काय झालं ते वाच की.

पुढं जे झालं तीच खरी गोष्ट आहे. गंगाधरपंत त्या दुसऱ्या विश्वातल्या मुंबईत उतरतात तर तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून आहे, पण बाकी देश स्वतंत्र. ते ग्रंथालयात बसून आपणच लिहिलेले इतिहासाचे खंड चाळत शोधतात की फाटा फुटला कुठे. फाटा पानिपतावर फुटतो खरा, पण देश उभा राहतो तो पुढच्या पेशव्यांनी युरोपातलं तंत्रज्ञान ओळखून स्वतःची विज्ञान केंद्रं काढली म्हणून. तलवारीला त्यात एकच पान आहे. नारळीकरांना जिंकण्यात रस नव्हता हो, जिंकल्यावर काय केलं यात होता. आणि शेवटी गंगाधरपंत त्या विश्वात आझाद मैदानावर रिकाम्या अध्यक्षीय खुर्चीवर जाऊन बसतात आणि भाषण ठोकायला जातात, तेव्हा लोक त्यांना अक्षरशः पिटाळतात. अध्यक्षाच्या भाषणाला कंटाळलेली जनता! मलप्रभाकाठ गुरुजींना हे तरी नक्की आवडेल.

पण तेराव्या वर्षी शिट्टीच ऐकू येते, पुढचं येत नाही. म्हणून पानिपत दहावीनंतर.

वडगाव_हातमाग | सकाळी १०:२२

शिट्टी वाजू दे की ताई. शिट्टी वाजवणारं पोरगं जागं तरी असतं.

चिक्कोडीकर | सकाळी ११:४५

मी कन्नड माध्यमाचा, घरी मराठी, त्यामुळे दोन्हीकडचा पाहुणा. विज्ञानकथा आधी कन्नडमध्ये वाचली, राजशेखर भूसनूरमठ यांची. नारळीकर नंतर, बहिणीच्या पुस्तकांतून. या आठवड्याचं मला नवल वाटलं. मंगळवारी इकडे नारळीकर गेल्याची बातमी, त्याच दिवशी अणुशास्त्रज्ञ एम. आर. श्रीनिवासन गेले, आणि त्याच रात्री लंडनमध्ये बानू मुश्ताक यांना कन्नड कथांसाठी आंतरराष्ट्रीय बुकर. बुधवारी सकाळी आमच्या घरी दोन पेपर, एक मराठी, एक कन्नड. बाबा मराठी पेपर घेऊन गप्प बसलेले, बायको कन्नड पेपर घेऊन शेजारणीला फोन करतेय. कुठल्या खोलीत कुठला चेहरा करून जावं कळेना.

गुरुजी, कथा मराठीतच वाचा, पण मधे थांबून चार वाक्यं कन्नडमध्येही सांगा. एखादं पोरगं कन्नड शाळेतून आलं असेल तर मागच्या बाकावर बसून राहील.

येळ्ळूरचा_गडी | दुपारी १२:००

सांगा सांगा. आमची बी काही तक्रार नाही. लिहून घ्या, परत म्हणणार नाही.

नानावाडी | दुपारी १:२०

‘धूमकेतू’च्या बाजूनं एक जुनी गोष्ट. १६ फेब्रुवारी १९८०, खग्रास सूर्यग्रहण. हुबळी-गदग पट्टा खग्रासच्या वाटेवर होता, देशोदेशीचे शास्त्रज्ञ दुर्बिणी घेऊन उतरले होते. आमच्या बेळगावात काय? दुपारी रस्ते ओस. खिडक्यांना गोधड्या लावलेल्या. आजीनं पाण्याच्या घागरीत तुळशीची पानं टाकली, मला आणि भावाला माजघरात कोंडलं आणि वर कडी लावली. शेजारचे एक मास्तर तेवढे एसटी पकडून हुबळीला गेले. संध्याकाळी परत आले तर त्यांच्या बायकोनं त्यांना आधी अंगणात अंघोळ घातली, मग घरात घेतलं. मास्तर ओल्या पंचावर उभे राहून आम्हा पोरांना सांगत होते, भर दुपारी तारे दिसले, पाखरं झाडांवर परतली. आम्ही कुंपणाला लटकून ऐकत होतो.

‘धूमकेतू’ वाचली तेव्हा मला तेच मास्तर दिसले. कथेत हौशी आकाशनिरीक्षक नवा धूमकेतू शोधतो, तो पृथ्वीवर आदळणार असं गणित निघतं, जगभरचे शास्त्रज्ञ एकत्र येऊन त्याची वाट बदलतात, आणि हा घरी येतो तर घरात धूमकेतूच्या शांतीसाठी यज्ञ चाललेला. पृथ्वी वाचली त्याचं श्रेय कुणाला, हे घरच्यांच्या लेखी ठरलेलंच आहे. शंकेखोरसाहेब, हा माणूस कागदी नाही हो. आमच्या गल्लीत राहत होता.

शहापूरचा_शंकेखोर | दुपारी १:४१

हा माणूस तुमच्या मास्तरांमुळे जिवंत झाला, कथेमुळे नाही. तरी अर्धा गुण देतो.

कुलकर्ण्यांचा_धाकटा | दुपारी ३:०५

गुरुजी, तुम्हाला त्या गावात राहायचंय हे विसरू नका. ज्या मुलांना तुम्ही ‘धूमकेतू’ वाचून दाखवणार त्यांच्या घरी श्रावणात पूजा असणार, गाऱ्हाणी घालणार, देवाला कौल लावणार. मुलगा घरी जाऊन म्हणाला, ‘गुरुजी म्हणतात यज्ञ खोटा,’ की दुसऱ्या दिवशी शाळेत पंचमंडळी. मराठी शाळा आधीच पट टिकवता टिकवता दमल्यात, त्यात हे कशाला?

प्रयोगशाळेतली_पाल | दुपारी ३:३०

मग काय, कुणाला दुखवायचंच नाही? नारळीकर ज्योतिषावर नुसते लेख लिहून थांबले नाहीत, चाचणी घेतली. २००८ साल. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या, सगळ्या मिसळलेल्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस कुंडल्या, कुठली कुणाची ते सांगा. ५१ जणांनी कुंडल्या मागवल्या, उत्तरं पाठवली २७ जणांनी. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आलं असतं. सोबत पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे होते, नरेंद्र दाभोलकर होते. शिव्या नाहीत, टिंगल नाही. आकडे ठेवले समोर आणि बाजूला झाले.

कुलकर्ण्यांचा_धाकटा | दुपारी ४:१०

माझे वडील पंचांग सांगतात, म्हणून मला यातलं थोडं कळतं. त्यांनी ती चाचणी वाचली होती. म्हणाले, माणूस रीतीनं वागला, नियम आधी सांगितले, आपल्याला बोलवून विचारलं. त्यांचा विश्वास काही हलला नाही, पण घरात नारळीकरांबद्दल वाईट शब्द कधी निघाला नाही. आणि तिथी-नक्षत्राचं गणित माझ्या वडिलांना अजून तोंडी येतं, ते मला येत नाही आणि मी इंजिनिअर आहे. माझा विरोध कथेला नाही. वाचून दाखवणाऱ्याच्या सुराला आहे. ‘बघा, कसे हे अडाणी’ हा सूर लागला तर वाचूच नका. कथेतला माणूस घरच्यांवर ओरडत नाही, हेही मुलांना दिसू दे.

टिळकवाडी_जुनी | दुपारी ४:२५

वा. हे वडिलांना वाचून दाखवा.

शहापूरचा_शंकेखोर | संध्याकाळी ६:००

आता मूळ माणसावरच येतो. बिग बँग मानत नव्हते ना हो तुमचे नारळीकर? सगळं जग एकीकडे, हे आणि हॉईल दुसरीकडे. मग ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’ मुलांना सांगायला हेच कसे?

प्रयोगशाळेतली_पाल | संध्याकाळी ७:१५

याच कारणासाठी सांगायचे. हॉईल-नारळीकरांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत १९६४ चा, तेव्हा वय पंचविशीतलं. ते दोघे मानायचे ते स्थिर स्थितीचं विश्व, म्हणजे विश्वाला सुरुवात नाही, ते पसरत जातं आणि नवं द्रव्य निर्माण होत राहतं. १९६५ साली अवकाशातून सगळीकडून येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडल्याचं जाहीर झालं आणि पारडं बिग बँगकडे झुकलं. यांनी खेळ सोडला नाही. १९९३ साली हॉईल आणि खगोलशास्त्रज्ञ जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर सुधारलेलं प्रतिमान मांडलं. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना ते पटलं नाही. पण तुमचं निरीक्षण काय, माझं गणित काय, या भाषेतच ते भांडले. कुणाला देशद्रोही म्हटलं नाही, आणि ‘आमच्या पुराणात आधीच होतं’ असंही म्हटलं नाही. उलट त्या दाव्यांवर त्यांनी आयुष्यभर टीका केली.

आणि तपासून बघायची खाज एवढी की हैदराबादहून फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा करवली, वरून सूक्ष्मजीव खाली येतात का बघायला. २००५ च्या फुग्यात तीन नव्या जातीचे जिवाणू सापडले, एकाला हॉईल यांचं नाव दिलंय. ते पृथ्वीबाहेरून आले असं सिद्ध झालं नाही. तसं म्हणायलाही ते धावले नाहीत.

शहापूरचा_शंकेखोर | संध्याकाळी ७:२२

हट्टी होते एवढं तरी मान्य करा.

प्रयोगशाळेतली_पाल | संध्याकाळी ७:२३

हट्टी होते. मान्य.

येळ्ळूरचा_गडी | संध्याकाळी ७:४०

हिवाळ्यात आपल्याकडं कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, गावोगावी साहित्य संमेलनं होतात. ग्रंथदिंडी, लेझीम, झुणका-भाकर, सगळं झकास. कथाकथनात मात्र दरवेळी तेच, बैल हरवला आणि पाटलाची फजिती. लोक हसतात, छान आहे. पण विज्ञानकथा वाचलेली मी तरी ऐकली नाही. नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय संमेलनाला नारळीकर अध्यक्ष झाले (तब्येतीमुळं जाता आलं नाही त्यांना), तेव्हा वाटलं होतं आपल्याकडं बी वारं येईल.

निपाणी_नाका | संध्याकाळी ७:४८

बैल हरवतो आणि कृष्णविवरात सापडतो. घ्या, लिहा.

अनगोळची_अनघा | रात्री ८:३०

मंगलाताईंचं नाव एकदाच आलं म्हणून आठवण. १७ जुलै २०२३ ला गेल्या. स्वतः गणितज्ञ. ‘गणितगप्पा’ ज्यांनी लहानपणी वाचलंय त्यांना सांगायला नको. वाचनालयात नसेल तर माझ्याकडून एक प्रत.

मलप्रभाकाठ | रात्री ९:१५

सगळं वाचलं. कुलकर्ण्यांच्या धाकट्याचं मनाला लागलं. प्रत हवीच, अनघाताई. एक वेगळीच अडचण आज सेक्रेटरींनी काढली, आणि ती मात्र खरी आहे. वाचनालयाचं छप्पर पत्र्याचं. जून-जुलैत आमच्याकडचा पाऊस कसा असतो ते आमगाव-कणकुंबी भागातल्यांना विचारा. पत्र्यावर तो सुरू झाला की शेजारी बसलेल्याला हाक मारावी लागते. तासभर कथा वाचणार कशी आणि ऐकणार कोण? लाउडस्पीकर आहे, वीज नाही.

टिळकवाडी_जुनी | रात्री ९:२८

ऑगस्ट-सप्टेंबरवर ढकला. नाहीतर तारीख मी सुचवते, १९ जुलै. त्यांचा जन्मदिवस, १९३८ साली कोल्हापुरात. यंदा शनिवारच येतोय, मी कॅलेंडर बघितलं.

निपाणी_नाका | रात्री ९:३१

जुलैत तर पत्राच वाहून जाईल.

वडगाव_हातमाग | रात्री १०:०५

पानिपत जाऊ दे, मी मत बदललं. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ घ्या. त्यात क्रिकेट आहे, गणपती आहे, कुणी रुसणार नाही. आणि कमी ऐकू आलं तरी चालतंय, कारण तिथं हाताला काम आहे. कथेत डावं-उजवं उलटं होण्याचं कोडं कागदाच्या पट्टीवरून उलगडतं. कागदाची लांब पट्टी घ्यायची, एका टोकाला अर्धा पीळ द्यायचा आणि दोन्ही टोकं चिकटवायची. आता मधून पेन्सिलीची रेघ ओढत जायची, हात न उचलता. रेघ दोन्ही बाजूंनी फिरून सुरुवातीला येऊन मिळते, म्हणजे त्या पट्टीला बाजू एकच! मग त्या रेघेवरून कातरायचं. दोन कडी सुटतील असं वाटतं. सुटत नाहीत, एकच मोठं कडं होतं.

मला हे पुस्तकातनं नाही कळलं. आमच्याकडं जुन्या यंत्राला चपटा पट्टा असायचा. आमचा म्हातारा फिटर पट्टा जोडताना मुद्दाम अर्धा पीळ द्यायचा. विचारलं तर म्हणायचा, दोन्ही अंगानं सारखा झिजतो, जास्त दिवस जातो. नारळीकर वाचल्यावर कळलं, म्हातारा काय करत होता ते.

प्रयोगशाळेतली_पाल | रात्री १०:१२

हातमागदादा, हा प्रतिसाद चिकटवून ठेवायला हवा.

मुलांना वर एक प्रश्न द्या. माणूस आरशातल्यासारखा पुरता उलटा झाला, हृदय उजवीकडे, सगळं सगळं, तर त्याला आपलं जेवण पचेल का? आपल्या शरीरातली अमिनो आम्लं एका हाताची, साखर दुसऱ्या हाताची. त्या माणसाला ताटभर भात वाढला तरी तो उपाशी राहायचा. आठवीच्या मुलाला हे सांगितलं की तो घरी जाऊन आईला पिडतो, अनुभव आहे.

शहापूरचा_शंकेखोर | रात्री १०:२०

त्या कथेतसुद्धा माणसं कागदीच आहेत. पण इथं कागदच कामाचा आहे, तेव्हा चालेल.

चिक्कोडीकर | रात्री १०:३४

आणि कातरताना भाषा लागत नाही.

नानावाडी | रात्री १०:५०

एक भर घाला. नारळीकरांची सही मागायला मुलं वही पुढं करायची, तर ते म्हणायचे, मला पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही येईल. खरंच उत्तरं पाठवायचे. कार्ड अजून पन्नास पैशांना आहे. कार्यक्रमात प्रत्येक मुलाला एक कोरं कार्ड द्या आणि प्रश्न लिहून घ्या. उत्तरं या धाग्यावरच्या लोकांनी द्यायची. पाल बाईंकडे विज्ञान, कुलकर्ण्यांच्या वडिलांकडे तिथी-नक्षत्रं (हसू नका, चंद्र रोज उशिरा का उगवतो ते त्यांच्याइतकं सोपं कुणी सांगणार नाही), हातमागदादांकडे यंत्रं.

येळ्ळूरचा_गडी | रात्री १०:५४

आणि माझ्याकडं?

निपाणी_नाका | रात्री १०:५५

इतिहास. सन १७६१ च्या आधीचाच.

कुलकर्ण्यांचा_धाकटा | २६ मे, सकाळी ६:४०

बाबांना विचारलं. तयार आहेत. अट एकच, कार्ड मराठीत नाहीतर कन्नडमध्ये असावं, इंग्रजीत नको. चष्मा बदलायला टाकलाय म्हणून अक्षर मोठं काढा म्हणाले.

मलप्रभाकाठ | सकाळी ७:३०

ठरलं. ‘उजव्या सोंडेचा गणपती’, १९ जुलै, वाचनालयाऐवजी शाळेच्या कौलारू खोलीत, तिथे पावसाचा आवाज कमी. कथा थोडी कापून वाचेन, पट्टीपाशी थांबेन. पानिपत सेक्रेटरी दिवाळीनंतर दहावीच्या मुलांपुढे स्वतः वाचणार आहेत, तसं त्यांच्याकडून वदवून घेतलंय. ‘धूमकेतू’ मी सोडलेली नाही, पण ती आधी पालकांपुढे वाचीन म्हणतो, मग मुलांपुढे.

आता मदत. जुनी वर्तमानपत्रं फाटतात, पट्टीला जाड कागद लागेल. कात्र्या शाळेत दोनच आहेत, त्यातली एक बोथट. बेळगावाहून शुक्रवारी कुणी खानापूरला येणार असेल तर कळवा.

वडगाव_हातमाग | सकाळी ७:४१

कार्डशीटचे कापलेले तुकडे आमच्या ओळखीच्या छापखान्यात पोत्यानं पडलेत, फुकट. गोंद तेवढा तुमचा. कात्र्या शिवणक्लासच्या वहिनींकडून मागून आणतो, पण त्यांना कागद कापायचाय म्हणून सांगू नका, देणार नाहीत.

टिळकवाडी_जुनी | सकाळी ७:५०

मी ऐकलं हं. क्लास माझाच आहे.